अंगणातले जंगलवाले

खोली भाड्याने देताना घरमालक काय काय विचारतात, याचा मला तोवर बऱ्यापैकी अनुभव आला होता. लग्न झालंय का, मटण-मासे करता का, रात्री किती वाजता येता, भेटायला कोण कोण येतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या या घरमालकांनी मला एकच प्रश्न विचारला. तुम्ही पाय आपटत चालता का?

मी म्हटलं, नाही बहुतेक. बहुतेकवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मला फाटकापर्यंत जाऊन परत यायला लावलं आणि स्वतः पायरीवर डोळे मिटून बसले. मी यवतमाळची, इथल्या शंकर नगरातल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात नुकतीच रुजू झालेली, वय सत्तावीस. दाखवायच्या कार्यक्रमांत मला तोवर कोणी चालून दाखव म्हटलं नव्हतं, ती हौस त्या कच्च्या अंगणात फिटली. परत आले तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि निकाल दिला, "डावी टाच घासते. पण चालते. राह्य."

मग अटी. मागच्या खिडकीत कूलर लावायचा नाही. साबणाचं पाणी अंगणात टाकायचं नाही. मोहाच्या झाडाखाली खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. कारण विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, खाली माणसं झोपून आहेत. मी खाली पाहिलं. खाली जमीन होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, आवाज आला, "माणसं नाही बाई, किडे आहेत. तू घाबरू नको."

आता मला किड्यांची शिसारी. झुरळ दिसलं की मी पलंगावर, आणि झुरळ आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत पलंगावरच. खरं तर तिथूनच मी रामराम ठोकायला हवा होता. पण खोलीला दोन्ही बाजूंनी वारा होता, आणि परक्या गावात 'राह्य' असं म्हणणारं कोणीतरी भेटलं होतं. राहिले.

काका साठी उलटलेले, शिडशिडीत, बोली आमच्या यवतमाळकडची, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला टेस्टर. बत्तीस वर्षं त्यांनी सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोखंडाच्या, कारखान्यात मेंटेनन्सला काढली होती आणि फोरमन म्हणून रिटायर झाले होते. तिथे त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. काही बिघडलं की म्हणायचे, "कान को बुलाओ." कान यायचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. आत कुठलं बेअरिंग झिजलंय, कुठे ग्रीस सुकलंय, हे त्यांना हाडातून कळायचं. कारखान्याने कानात घालायला बोळे दिले होते. ते त्यांनी बत्तीस वर्षं खिशात बाळगले, कानाला एकदाही दाखवले नाहीत. "बोळे घातले तं मशीनचं दुखणं आयकन कोण?" ते मला विचारायचे. "डॉक्टर काय जाड हातमोजे घालून नाडी पाहते?"

रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पण स्क्रू ड्रायव्हर सुटला नाही. काकूंचा मिक्सर, गल्लीतल्या पाण्याच्या मोटारी, लोकांचे कूलर, सगळ्यांच्या छातीला तो लागायचा. माझ्या स्कूटीच्या मागच्या चाकाबद्दल त्यांनी सांगितलं होतं की हे महिन्याच्या आत बसेल. मी हसले. तेविसाव्या दिवशी मी आमापारा चौकात स्कूटी ढकलत होते. त्यानंतर ते जे म्हणतील त्याला मी मान डोलावू लागले.

फक्त आजकालच्या मालाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. थर्मामीटर घ्यावा तर तो वाजत नाही. मायक्रोवेव्ह पदार्थ गरम करतो आणि गुपचूप बंद होतो. फ्रिजचं दार उघडं राहिलं तर आवाज येईल असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो, आणि घरी आणलेला फ्रिज मुका. सगळा बोगस माल. दाराची घंटी त्यांनी तीनदा बदलली आणि शेवटी भंगार बाजारातून कारखान्याचा भोंगा आणून बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने सवयीने बटण दाबलं. त्याची सायकल एकीकडे, तो एकीकडे, आणि शेजारच्या भाभी पर्स आणि आधार कार्ड घेऊन रस्त्यावर. त्यांना वाटलं, भूकंप. काका मात्र बाहेर येऊन समाधानाने म्हणाले, हां, ही घंटी. दोन दिवसांनी काकूंनी त्याची वायर काढून टाकली आणि येणारे-जाणारे फाटकाची कडी आपटू लागले. ती त्यांना नीट ऐकू यायची.

मायक्रोवेव्हचा टूं टूं आवाज मला वरच्या मजल्यावर यायचा. पण घरमालकाशी कोण वाद घालणार. शिवाय ज्याने माझं चाक सांगितलं, तो मायक्रोवेव्हबद्दल चुकेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तर किडे. जो किडा त्यांच्या अंगणात झोपलेला होता त्याला इंग्रजीत सिकाडा म्हणतात. आपल्याकडे कोणी त्यालाही रातकिडाच म्हणतं, पण रातकिडा रात्री गवतात बोलतो आणि हा भर उन्हाळ्यात, भर दुपारी, झाडावर बसून. काका त्यांना जंगलवाले म्हणायचे. आणि या जंगलवाल्यांची आणि त्यांची गाठ पडली एका लग्नात.

कारखान्यात त्यांच्या हाताखाली एक छत्तीसगढी फिटर होता, धमतरीच्या पलीकडच्या एका जंगलकाठच्या गावचा. त्याच्या मुलीच्या लग्नाला काका मे महिन्यात गेले. पंगत बसली होती, बँड वाजत होता, आणि बँडच्या वरताण जंगलातून एक आवाज येत होता. काकांना वाटलं, कोणाची तरी लाकूड कापायची आरामशीन चालू आहे. पण आरामशीन इतकी नीट चालत नाही. ते पानावरून उठले आणि आवाजाच्या मागे गेले. फिटर बिचारा हात जोडत मागे धावला, त्याला वाटलं साहेबांना वरण आवडलं नाही. काकांनी विचारलं, ही मशीन कोणाची? तो म्हणाला, "कीरा आय साहेब. गरमी भर चिल्लाथे."

हा प्रसंग त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितला असेल आणि दर वेळी इथे आल्यावर त्यांचा आवाज खाली यायचा. "बत्तीस वर्ष मी काय आयकलं? बिघाड. आवाज आला म्हंजे काही तरी तुटून राहिलं, झिजून राहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा असा आवाज आयकला पोट्टे, का ज्याच्यात काहीच बिघडलं नोतं."

लग्नाहून माणसं लाडू आणतात, साडी आणतात. यांनी वाळक्या काटक्या आणल्या. मादी कोवळ्या फांदीला चिरा पाडून त्यात अंडी घालते, हे फिटरच्या म्हाताऱ्या बापाने त्यांना दाखवलं होतं. त्या चिरा पडलेल्या काटक्या त्यांनी अंगणातल्या मोहाला सुतळीने बांधल्या. पिल्लं फुटून खाली पडणार, मातीत शिरणार, मुळांचा रस पीत अंधारात वर्षानुवर्षं बसणार आणि मग एका उन्हाळ्यात वर येणार. किती वर्षांनी, हे कोणी नक्की सांगेना. कोणी तीन म्हणे, कोणी पाच. काकांनी पाच धरली. कारखान्यातला माणूस, त्याला शिफ्ट कुठून तरी सुरू व्हायला हवी होती.

तेव्हापासून त्या अंगणात कुदळ लागली नाही. साऱ्या गल्लीने आपापल्या अंगणात फरशी घातली, गाड्या उभ्या केल्या. यांचं अंगण मातीचं, आणि त्यात खुर्ची उचलून ठेवणारी माणसं. गल्लीत त्यांना 'कीडेवाले अंकल' म्हणत. जाता-येता विचारत, "अंकल, बच्चे उठे क्या?" ते शांतपणे उत्तर द्यायचे, अभी सो रहे हैं.

त्यांनी मला किड्याच्या आवाजाचं शास्त्रही शिकवलं. चहाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण घ्यायचं आणि अंगठ्याने मधोमध दाबायचं. टक. सोडायचं. टक. नराच्या पोटाला दोन्ही बाजूंनी अशीच झाकणं असतात आणि तो ती इतक्या झपाट्याने आत-बाहेर करतो की टकटक वेगळी राहतच नाही. "पोट पोकळ, म्हणून घुमते. ना मोटर, ना ग्रीस. आहे का अशी मशीन कोणापाशी?" सांगताना ते इतके खूश व्हायचे की मला माझीच शिसारी थोडी क्षुद्र वाटायची. माद्या बोलत नाहीत, असंही ते सांगायचे. यावर काकू आतून म्हणायच्या, मंग मी मागच्या जन्मी त्याइच्यात नव्हती.

पहिल्या उन्हाळ्यात मला अवदसा आठवली. इंटरनेटवर त्या किड्याचा आवाज सापडला. एका रविवारी सकाळी काका झाडाखाली बसून पडलेली मोहाची फुलं वेचत होते. मी छोटा स्पीकर खिडकीत झाडाकडे तोंड करून ठेवला, पडद्याआड लपले आणि लावला. आता फुलांची टोपली उडणार, मग ते नाचणार, मग मी वरून हसणार, असा बेत होता.

काकू पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. भाभींचं डोकं भिंतीवरून वर आलं, "आ गए क्या?" काका फुलं वेचत राहिले. मी आवाज पूर्ण वाढवला. स्पीकर खिडकीच्या फळीवर थरथरू लागला. काकांनी एक फूल उचललं, फुंकर मारून माती झटकली आणि टोपलीत टाकलं. मग काकूंना दारात उभं पाहून विचारलं, काय झालं, दूध उतू गेलं का?

काकूंनी वर पाहिलं. मी स्पीकर बंद केला. इतकी लाज मला त्याआधी वाटली नव्हती आणि नंतरही क्वचितच वाटली.

दुपारी त्या वर आल्या, माझ्या पलंगावर बसल्या आणि पदराने उगाच हात पुसत राहिल्या. चार वर्षं झाली, म्हणाल्या. बारीक आवाज आधी गेले. घंटी गेली, थर्मामीटर गेला, आता पोळ्या करताना मी मागून काही बोलले तर तेही जातं आणि मग लोक तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून चिडतात. भिलाईहून मुलगी फोनवर हिंदीत समजावते की पापा, डॉक्टरला दाखवा. तर म्हणतात, मिक्सरचं बेअरिंग मी आजही सांगतो, मग कान खराब कसा? आणि बेअरिंग ते सांगतात, ते बरोबरही निघतं, कारण ते कानाने थोडंच ऐकतात, हाडाने ऐकतात. "बत्तीस वर्ष या माणसानं कानावर भाकर खाल्ली," काकू म्हणाल्या. "त्याले कोण सांगन का कान गेला म्हणून? मी तं रोज बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावताना म्हणते, का त्या किड्याइले येऊच नको देऊ."

सगळ्या गल्लीत त्या किड्यांची खरी वाट पाहणारा एक माणूस, आणि त्याच घरात ते येऊ नयेत म्हणून मेणबत्ती लावणारी त्याची बायको. त्या दिवसापासून मीही काकूंच्या पक्षात गेले. खाली झोपलेल्यांनी झोपूनच राहावं, असं मलाही वाटू लागलं.

ते पुढच्याच वर्षी आले. बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी माझं दार दणादणा वाजलं. बाहेर काका, अनवाणी, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. जिना ते धावत चढून आले होते, हे पाय न आपटण्याच्या अटीचे जनक. नुसते खाली बोट दाखवत होते.

मोहाच्या खोडावर अकरा टरफलं चिकटून बसली होती. मातकट, पातळ, पाठीवर उभी चीर आणि आत काही नाही. पाय तसेच सालीत रुतवलेले. पहाटेआधीच आतले मालक अंगातून बाहेर पडून वर निघून गेले होते. मी वाकून जवळून पाहिलं. शिसारी आली नाही, हे इथे मुद्दाम सांगून ठेवते. काकांनी एकालाही हात लावला नाही. नुसते एकेकापाशी बोट नेऊन मोजत होते, ग्यारह, ग्यारह, म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसत नव्हते.

काकूंनी पौर्णिमेची खीर केली होती. ती त्यांनी गल्लीभर वाटली. भाभींनी वाटी घेताना विचारलं, "बधाई हो भैया, कितने हुए?" ते म्हणाले, ग्यारह, माँ-बच्चे सब ठीक. काकू दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत.

जंगलवाले पहिले काही दिवस कोवळे असतात, अंग टणक होईपर्यंत बोलत नाहीत. हे काकांना ठाऊक होतं आणि त्यांनी आम्हालाही बजावलं होतं, की घाई करायची नाही. ते रोज सकाळी खुर्ची उचलून झाडाखाली ठेवायचे आणि मान वर करून बसायचे. चौथ्या दिवशी मी ऑफिसला निघण्यासाठी डबा भरत होते, तेव्हा झाडावरून एक जण बोलला. मग दुसरा. मग सगळे. असा किर्रर्र की डब्याचं झाकण लावल्याचा आवाज मला आला नाही. मी खिडकीत धावले. खाली काका खुर्चीत बसले होते, चेहरा वर, तोंड किंचित उघडं, अगदी कालच्यासारखे. आवाज त्यांच्या डोक्यावर कोसळत होता. त्यांनी शांतपणे घड्याळ पाहिलं आणि दारात उभ्या काकूंना म्हणाले, अजून दोन दिवस लागतीन. काकू जमिनीकडे पाहत होत्या. मी खाली उतरले आणि ऑफिसला निघून गेले. त्या दिवशी मला तेवढंच सुचलं.

मग गल्लीचं जगणं अवघड झालं. सकाळी दहाला सुरू, दुपारी कळस, संध्याकाळी आणखी एक फेरी. लोक खिडक्या लावून बसू लागले, फोनवर ओरडून बोलू लागले. काकूंची दुपारची झोप गेली आणि त्या किड्यांना ज्या शिव्या देऊ लागल्या त्या मी यवतमाळच्या बसस्टँडवरही ऐकल्या नव्हत्या. अर्थात हळू आवाजात, आणि गरज नसताना.

एवढ्यात भाभींना चमत्कार सापडला. मोहाची एक फांदी त्यांच्या गच्चीवर गेली होती, तिच्याखाली त्या कपडे वाळत घालत होत्या आणि आकाशात ढग नसताना अंगावर बारीक तुषार पडले. त्यांनी लोटा लावला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या, हळदकुंकू घेऊन. भाभी भिंतीवरून म्हणाल्या, "भैया, आपके पेड से अमृत टपक रहा है." काकांनी लोटा हातात घेतला, उजेडात धरला, वास घेतला आणि त्यांच्या स्वच्छ हिंदीत समजावून सांगितलं, की हे मूत आहे. किडा दिवसभर झाडाचा रस पितो, मग सोडणार कुठे? भाभींनी तोवर दोन थेंब डोळ्यांना लावले होते. त्यानंतर त्यांनी आमच्याशी अबोला धरला.

मला या प्रकरणाचं हसू आवरत नव्हतं. काकांना मात्र त्यातून भलतंच कळलं. ते संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसले आणि कारखान्यात रिपोर्ट द्यावा तसं सांगू लागले. रस पिऊन राहिले, म्हणजे इनपुट बराबर. पाणी सोडून राहिले, म्हणजे आउटलेट बराबर. उडून राहिले, भांडून राहिले, सगळं बराबर. फक्त आवाज नाही. आधी त्यांना शंका आली की सगळ्या माद्याच निघाल्या असतील. म्हणून खोडावर बसलेल्यांची पोटं त्यांनी भिंगातून तपासली. नर होते, झाकणं होती. तरी मुके.

"काजळी होय," ते म्हणाले. "सिलतऱ्याची. पाच वर्ष त्या मातीत झोपले ते, गळा बसला त्याइचा. जंगलात चांगले बोलत होते. मी माह्या हातानं आणले अन् मुके केले."

मी गप्प बसले. वर अकरांपैकी जेवढे नर होते तेवढे जिवाच्या आकांताने ओरडत होते, मला काकांचं बोलणं त्यांच्या ओठांवरून समजून घ्यावं लागत होतं. यंत्र वाजलं नाही तर यंत्र बिघडलं, हे त्यांचं गणित थर्मामीटरपासून चालत आलं होतं. थर्मामीटर त्यांनी कपाटात टाकून दिला आणि विसरून गेले. यांना टाकून कुठे देणार? ते जेवताना अर्धी पोळी ठेवून उठू लागले. भाभींनी अबोला मोडून एकदा सांगायचा प्रयत्न केला की भैया, कितना चिल्लाते हैं ये लोग. काकांचा चेहरा पडला. इतकी वर्षं गल्लीने थट्टा केली ती ठीक, पण आता थट्टा करू नये, एवढंच ते म्हणाले आणि आत गेले.

मी काकूंना म्हटलं, आता सांगायला हवं. त्या म्हणाल्या, उद्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाल्या. सांगून काय हातात द्यायचं त्यांच्या, हा त्यांचा प्रश्न होता. आत्ता निदान किडे मुके होते. सांगितलं की ज्या आवाजासाठी पाच वर्षं अंगण राखलं तो आवाज डोक्यावर आहे आणि आता कधीच मिळायचा नाही, हे द्यायचं. 

शनिवारी काकांनी जुनी मच्छरदाणी कापून बांबूला बांधली. वेताच्या टोपलीला फडक्याचं झाकण शिवलं. फिटरला फोन करून ओरडून सांगितलं, की उद्या येतोय, तुझे जंगलवाले परत घेऊन. तिथल्या हवेत त्यांचा गळा मोकळा झाला तर झाला. इथे ठेवून त्यांना मारायचं पाप आपण करणार नाही.

रविवारी सकाळी मी ठरवूनच खाली उतरले, की आता मी सांगणार. काय व्हायचं ते होवो, खोली सोडायला लागली तरी चालेल. ऊन चढत होतं आणि झाड नुसतं कोकलत होतं. काका लाकडी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर होते, जाळी भिंतीला टेकवलेली, टोपली खाली. काकू शिडी धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे हे एवढाले बोळे होते. मी तोंड उघडलं, पण त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू आलं नाही.

हाताच्या अंतरावर, खोडाला चिकटून एक जंगलवाला बसला होता. काकांनी जाळी न घेता हळूच ओंजळ टाकली आणि त्याला मुठीत धरलं. पकडलेला नर बोंबलतो. हा असा बोंबलला की मी दोन्ही कान दाबून मागे सरले. काका त्याला टोपलीत सोडायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले.

त्यांनी मुठीकडे पाहिलं. मग डोळे मिटले.  काकूंनी शिडी घट्ट धरली होती. काकांच्या मुठीच्या कातडीखालून, मनगटातून, काहीतरी वर चढत असावं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तो भाव आला जो पाच वर्षांपूर्वी पंगतीतून उठताना आला असणार. मी तेव्हा तिथे नव्हते, पण माझी खात्री आहे.

"चालू आहे," ते म्हणाले. "फुल लोडवर चालू आहे."

मग डोळे उघडून त्यांनी खाली पाहिलं आणि काकूंच्या कानांतला कापूस त्यांना दिसला. एका कानातला, मग दुसऱ्या कानातला. मग माझे कानांवरचे हात. मी हात खाली घेतले, पण फार उशिरा.

"कवापासून?" त्यांनी विचारलं.

काकूंनी ओठ हलवले आणि बोटं दाखवली. आठ दिवस.

 मला वाटलं होतं ते चिडतील, निदान आम्ही लपवलं म्हणून तरी. त्यांनी मूठ खोडापाशी नेऊन उघडली. जंगलवाला तरातरा वर चढला आणि तिथे बसून पुन्हा सुरू झाला. काका एकेक पाय जपून टाकत खाली उतरले आणि रिपोर्ट दिला. "मशीन बराबर आहे. कान गेला माहा."

एवढंच. बत्तीस वर्षांत दुसऱ्यांच्या मशीनबद्दल ज्या आवाजात सांगत आले त्याच आवाजात, कमी नाही, जास्त नाही. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. ते शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसले. टोपली पायाने बाजूला सारली. वर पाहिलं, पानांत ऊन होतं आणि त्यांच्यासाठी तिथे काहीच वाजत नव्हतं. आठ दिवस पाहुणे दारात येऊन बोलत होते आणि आपण त्यांना मुके ठरवलं, असं काहीसं पुटपुटले. मग त्यांनी काकूंचा हात ओढून त्यांना जवळ घेतलं आणि लहान पोरासारखं विचारलं, "कसा आहे वं? जंगलात होता तसाच आहे का?"

काकू त्या लग्नाला गेल्याच नव्हत्या. आठ दिवस त्यांचं डोकं ठणकत होतं, डोळ्याला डोळा नव्हता. त्यांनी एका कानातला कापूस काढला, मग दुसऱ्या कानातला. मान वर केली आणि पहिल्यांदाच, शिवी न देता, नीट ऐकलं. मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं,

"लय गोड आहे."